सोळा घरांचा गडी

माझ्या व्याह्यांइतका भराभर चालणारा आणि तरीही सगळीकडे उशिरा पोचणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी आंजर्ल्याच्या गणपतीपुढे उभा राहून सांगायला तयार आहे. ते चालायला लागले की बरोबरच्या माणसाला त्यांची पाठ तेवढी दिसायची. बोलणं झालं तर ते पाठीशीच. मी मागून ओरडून विचारायचो, "व्याही, बांगडा घ्यायचा की सौंदाळा?" आणि उत्तर वाऱ्याबरोबर निम्मंच यायचं. माणसासाठी ते कधी थांबले नाहीत. पण वाटेत कुणाचा नवा दरवाजा, एखादी वाकडी पायरी, विहिरीचा रहाट असं काही दिसलं की पाय जागच्या जागी रोवायचे आणि सदऱ्याच्या खिशातली सहा इंची पट्टी बाहेर निघायची. माप घेऊन, कागदाच्या कपट्यावर टिपून होईपर्यंत मी मागून यायचो, त्यांना ओलांडून पुढे जायचो आणि दहा पावलांत पुन्हा त्यांची पाठ माझ्यापुढे. एकदा आम्ही दोघं हर्णेला गेलो होतो. बंदरावर लिलाव ऐन रंगात, आणि ह्यांनी वाकून सुरमईला पट्टी लावली. कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ओ काका, मासा हाय तो! सदरा शिवायचाय काय त्याचा?" ह्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "शेपूट धरून की शेपटाशिवाय, ते सांगा आधी."

व्याही म्हणजे माझ्या थोरल्या लेकीचे, सुमनचे सासरे. मुंबईला एका कंपनीच्या नकाशे काढायच्या खात्यात तीस-बत्तीस वर्षं काढून रत्नागिरीत घरी येऊन बसलेले. तिथे ह्यांचं काम ट्रेसरचं. म्हणजे नकाशा दुसऱ्याने काढायचा आणि ह्यांनी त्यावर पातळ कागद ठेवून तोच शाईने गिरवायचा. पूल गिरवले, बॉयलर गिरवले, एका बोटीचा पोटमाळासुद्धा गिरवला म्हणे. हात असा की रेघ बघून डोळ्यांत पाणी यावं. मी गवंडी माणूस, ओळंब्याशिवाय कुणाच्या सरळपणावर विश्वास ठेवत नाही, पण त्यांची रेघ मी ओळंब्याविना मान्य केली होती. पेन्सिल ते ब्लेडने अशी तासायचे की विहीणबाईंनी एकदा ती घेऊन पायातला काटा काढला. सुमनच्या लग्नात पंगतीचा नकाशा ह्यांनी आठ दिवस आधी टपालाने पाठवला. प्रत्येक पान अडीच फुटांवर, वाढप्याच्या वाटेला तीन फूट, आणि मुलीच्या बापाची जागा लाल शाईच्या फुलीने दाखवलेली. मी मुद्दाम दुसरीकडे बसलो. मला जागा दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. त्या दिवसापासून आमचं नातं पक्कं झालं. म्हणजे भेटलो की भांडण, आणि चार दिवस भेटलो नाही की कुणाच्या तरी हाती निरोप, "व्याही आजारी आहेत काय?"

एकच गोष्ट ते भांडणाच्या सुरात बोलले नाहीत. आम्ही ओट्यावर बसलो होतो, ते पेन्सिल तासत होते. तासता तासता म्हणाले, "व्याही, तुम्ही बांधलेली भिंत दाखवता येते. ही माझी म्हणून सांगता येतं. मी बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या रेघेवरून हात फिरवला. माझी अशी एक रेघ नाही कुठे." असल्या बोलण्यावर काय बोलायचं ते मला शिकवलेलं नाही. शाळा माझी तिसरीपर्यंत. चौथीत बसलो होतो, पण मास्तरांचं आणि माझं पटलं नाही.

सत्याऐंशी साल असेल. माझा जावई, सुमनचा नवरा, मस्कतला होता. तो रजेवर येताना एक काळं यंत्र घेऊन आला. दिसायला टाइपरायटरचा फक्त वरचा भाग, बटणं रबराची, पेन्सिल खोडायच्या रबरासारखी मऊ. ते टीव्हीला जोडायचं, शेजारी टेपरेकॉर्डर लावायचा, की टीव्हीवर आपण सांगू ते दिसतं, असं म्हणाला. कॉम्प्युटर तो. रजा संपली, जावई गेला, यंत्र राहिलं. त्याच्याबरोबरचं इंग्रजी पुस्तक व्याह्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन उन्हाळाभर वाचलं आणि एक दिवस जाहीर केलं, "मी खेळ बनवणार. माडाखालून एक गडी चाललाय, वरून नारळ पडतायत, ते चुकवत त्याने पलीकडे जायचं." विहीणबाई चुलीपाशी होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "त्यापेक्षा मागच्या माडावरचे खरे नारळ पाडून घ्या, कधीचे डोक्यावर लोंबतायत."

यंत्राचं कौतुक म्हणाल तर पोटच्या पोरासारखं. त्यातलं काम कॅसेटवर उतरवून ठेवावं लागे, आणि ती कॅसेट परत लावली की विळीच्या पात्यावर पत्रा खरवडल्यासारखा आवाज यायचा. शेजारचा कुत्रा त्या आवाजाने रस्त्यापलीकडे राहायला गेला. पावसाळा आला तशी ह्यांना दमट हवेची काळजी लागली. घरात सगळ्यांत कोरडी जागा कुठली, तर तांदळाचं पिंप. झालं! काम संपलं की यंत्र धोतरात गुंडाळून तांदळात पुरायचं. विहीणबाई सकाळी मापटं खुपसायच्या तर मापट्याला बटणं लागायची. "सूनबाई, आज भात टाकू की कॉम्प्युटर?" असं त्या विचारायच्या. बटणांखाली कोंडा गेला, आणि पुढे वर्षभर त्यातलं एक बटण दाबलं की कुरकुरीत पापड मोडल्यासारखं वाजायचं. व्याह्यांना त्याचं काही नाही. "वाजतं म्हणजे दाबलं गेलं हे कळतं," म्हणाले.

मी ह्या सगळ्यात कसा सापडलो ते सांगतो. त्याच वैशाखात सुमनच्या घराला चिऱ्याचं कुंपण घालायचं ठरलं, आणि माझ्या लेकीच्या घराची भिंत दुसऱ्या गवंड्याने बांधायची हे मला खपणारं नव्हतं. व्याही म्हणाले, "तुमचं वय झालं." मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने हत्यारं घेऊन हजर. रोज काम सुरू झालं. मी अंगणात चिरा तासतोय आणि ते ओट्यावर चौकटीच्या कागदावर गडी तासतायत. पहिला गडी आठ घरं लांब, आठ घरं उंच. पेन्सिलीने घरं काळी करायची, की यंत्रात तेवढे ठिपके उजळतात. मला बोलावून दाखवला. मी बघितलं आणि म्हटलं, "कुर्ली आहे काय?"

"माणूस आहे तो."

"मग त्याला नांग्या कशाला?"

"हात आहेत ते, व्याही!"

मी कागद हातात घेतला. म्हटलं, आठ चिऱ्यांच्या जागेत तुम्ही देवळाचा कळस बसवायला निघालात. जागा वाढवा. सोळा चिरे आडवे, सोळा थर उभे. डोक्याला चार थर, त्याहून कमी नाही, नाहीतर टोपी घालायची कुठे. मान नको, मान परवडत नाही. धोतर नको, धोतरात पाय दिसत नाहीत, गडी तरंगत गेल्यासारखा जाईल; आखूड पंचा द्या. व्याही माझ्याकडे बघत राहिले. मग पट्टी काढून सोळा बाय सोळा आखू लागले. पुढे मला कळलं की हे त्या इंग्रजी पुस्तकातही लिहिलं होतं, पण शेवटच्या धड्यात. प्रत्येक थराचे आठ-आठ घरांचे दोन तुकडे करून त्यांचं मग आकड्यात रूपांतर करायचं असे: एकशेअठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस, असं अर्धं अर्धं करत एकापर्यंत, आणि जी घरं काळी त्यांची बेरीज. तिसरी झालेली असली तरी निमकी, अर्ध्याचा पाढा, मला अजून झोपेत येते. ते कागदावर बेरीज करेपर्यंत मी चिऱ्यावर बसून तोंडाने सांगायचो. दोनदा त्यांची चुकली, माझी एकदाही नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण ते हयात असताना त्यांनी कबूल केलं नाही.

गडी उभा राहिला. छान राहिला. पण चालेना. टीव्हीवर तो नुसता ह्या कडेपासून त्या कडेला सरकायचा, बर्फाच्या लादीवरून पापलेट सरकावं तसा. चालतं करायला त्याच गड्याची वेगवेगळी चार चित्रं, म्हणजे चौकटी, लागतात, ती एकामागून एक दाखवली की डोळा फसतो. व्याह्यांनी चारही काढली, आणि गडी असा काही चालला की सुमन तोंडाला पदर लावून आत पळाली. उजवा पाय पुढे तेव्हा उजवा हात पुढे, डावा पाय पुढे तेव्हा डावा हात. मी म्हटलं, "असा कोण चालतो? अंगात वारं आल्यासारखा!" ते म्हणाले, "सगळे असेच चालतात." मी अंगणात चालून दाखवलं. ते वाकून बघत राहिले. बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या कागदावरून नजर न उचललेल्या माणसाला माणूस कसा चालतो हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं असावं. त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, "परत चाला."

आणि मग माझे हाल सुरू झाले. ते ओट्यावर कागद घेऊन बसायचे, मी अंगणात चालायचो, आणि मध्येच ते ओरडायचे, "थांबा!" पाय हवेत असला तर हवेतच. मी एक पाय वर, एक हात पुढे, दुसरा मागे, असा करकोच्यासारखा उभा, आणि ते पट्टीने डोळ्यासमोर माप धरून घरं मोजतायत. रस्त्यावरून जाणारे लोक कुंपणाच्या अर्ध्या भिंतीवरून डोकवायचे. एकाने विचारलं, "काय ओ, देवाला नवस बोललाव काय?" व्याह्यांनी ओट्यावरून उत्तर दिलं, "हलवू नका त्यांना, चौथी चौकट चाललीय!" तीन आठवडे मी भिंत बांधली आणि चाललो. ह्यातलं कुठलं काम जास्त झालं ते सांगता येणार नाही. पाऊस तोंडावर आला तेव्हा कुंपणाचा वरचा थर राहिला होता. गणपतीनंतर पुरा करतो म्हणालो आणि गावी आलो. व्याही म्हणाले, "गणपतीला गडी चालणार. सगळ्यांसमोर. माझा गडी." माझा हा शब्द ते असा म्हणाले की मला ओट्यावरचं ते बोलणं आठवलं.

आता माझ्या उजव्या पायाबद्दल चार शब्द लिहिणं भाग आहे. तरुणपणी खाणीवर एक चिरा सुटून त्या घोट्यावर आला होता. लोक त्यावरून काहीबाही बोलतात. खरं काय ते सांगतो: मी लंगडत नाही. उजवा पाय जरा विचार करून टाकतो, एवढंच. माझ्या घरात, सोयऱ्यांत, गावात हा विषय कुणी काढत नाही. काढलेला मला चालत नाही. व्याह्यांनीही कधी काढला नव्हता.

गणपतीत दुसऱ्या दिवशी दुपारची आरती झाली. ओटी माणसांनी भरलेली, सोयरेधायरे, शेजारीपाजारी. व्याह्यांनी यंत्र तांदळातून काढून पुसलं, टीव्हीला जोडलं, कॅसेट लावली. तो खरवडण्याचा आवाज ऐकून दोन म्हाताऱ्या उठून गेल्या. मग पडद्यावर एक माड आला, आणि डावीकडून गडी. आखूड पंचा, डोक्यावर टोपी, हात-पाय बरोबर. चालला! चार पावलं टाकली आणि माझ्या लक्षात आलं. तीन चौकटी ताठ, आणि चौथीत डोकं एक घर खाली. पुन्हा तीन ताठ, पुन्हा एक खाली. आणि मग माझीच लेक हरखून ओरडली, "अगोबाई! हे तर आपले बाबा!"

जो हशा उठला तो मी आयुष्यात विसरणार नाही. लोक टाळ्या वाजवत होते. कुणी म्हणालं, "काका, नारळ येतोय, हुबेहूब चुकवलाव!" व्याही माझ्याकडे बघत होते, पोराने पहिली पाटी दाखवावी तसे. मी उठलो. म्हटलं, "मी असा चालतो?" ते म्हणाले, "मापाने काढलंय, व्याही. एका घराचाही फरक नाही." मी म्हटलं, "ते एक घर वर घ्या." ते म्हणाले, "आहे ते आहे." बस्स. मी प्रसादाचा मोदक तसाच ठेवला, टोपी घातली आणि निघालो. आता गंमत अशी की ओटीपासून फाटकापर्यंत त्यांचं अंगण चांगलं चाळीस पावलांचं, आणि सगळी मंडळी ओटीवरून बघतायत. मी ताठ चालायचा प्रयत्न केला. जितका ताठ चाललो तितका पाय जास्त विचार करायला लागला. मागे कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? खोटं काय काढलंनी त्यांनी?" तिच्याशीही मी आठवडाभर बोललो नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. कुंपणाचा वरचा थर तसाच. निरोप नाही, "आजारी आहेत काय" नाही. ते हट्टी, मीही काही कमी नाही. सुमनची पत्रं यायची, त्यात मामंजी जेवण झालं की ओट्यावर बसून रस्त्याकडे बघतात असं असायचं. मी ती ओळ दोनदा वाचून घेत असे.

मग एक पोस्टकार्ड आलं. अक्षर छापल्यासारखं, समास पट्टीने आखलेला. "कृ. सा. न. वि. वि. आपल्या हरकतीनुसार चौकट क्रमांक चारमधील डोके एक घर वर घेऊन पाहिले. गडी सरळ चालतो. परंतु कोण आहे ते कळत नाही. कुंपणाचा वरचा थर बाकी आहे. कळावे." खाली सही, आणि सहीच्या बाजूला दोन गडी, मुंगीएवढे. एक सरळ, एक मी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी हत्यारं घेऊन गेलो. थरासाठीच गेलो, हे स्पष्ट सांगतो. व्याही ओट्यावर होते. "आलात?" म्हणाले. "थर राहिलाय," मी म्हटलं. चहा झाला. मग ते आत गेले, तांदूळ सांडल्याचा आवाज आला, यंत्र बाहेर आलं. त्यांनी सरळ केलेला गडी दाखवला. ताठ, नीट, एका उंचीत चालला. तो कुणीही नव्हता. मोजणी खात्याचा माणूस जमीन बघायला आल्यासारखा चालत होता. त्याला नारळ लागला काय, न लागला काय, कुणाला वाईट वाटलं नसतं. व्याही माझ्या तोंडाकडे बघत होते. बोट त्या कुरकुरत्या बटणावर होतं. तेव्हा मला कळलं, मी नाही म्हटलं तर हा माणूस तो गडी कायमचा सरळ करून टाकेल, आणि मग परत त्याच्यापाशी आपलं म्हणायला काही उरणार नाही.

"पहिला लावा," मी म्हटलं.

"कुठला पहिला?"

"माझा. पण मी लंगडत नाही, एवढं लिहून घ्या."

"घेतलं," म्हणाले, आणि खरंच कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "टोपी एक घर मोठी झालीय तुमची. ते मात्र माझं चुकलं." आम्ही दुपारपर्यंत टोपीवरून भांडलो. विहीणबाईंनी सुमनला सांगितलं, "दोन पाट मांड ग, आता काय हे उठत नाहीत."

पुढे खाऱ्या हवेने यंत्राला खाल्लं. तांदळाने जेवढं वाचवलं तेवढं वाचलं. एक दिवस पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या आणि गडी परत दिसला नाही. मला वाटलं, संपलं. व्याह्यांनी त्यावर तक्रार केली नाही. चालण्याचा वेग मात्र तेवढाच. बाजारात मी मागे, ते पुढे, शेवटच्या वर्षापर्यंत. "व्याही, जरा दमानं!" मी मागून म्हणायचो, आणि पाठ म्हणायची, "या, या, सावकाश या." ते गेले तेव्हाही तसेच गेले, कुणाला न थांबता, सकाळच्या चहाआधी.

तेराव्याला सुमनने मला एक जाड वही आणून दिली. चौकटींची. म्हणाली, "बाबा, यंत्र बंद पडल्यावरसुद्धा मामंजी ह्यात काढत बसायचे. तुमच्यासाठी म्हणून वर लिहिलंय." प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात सोळा घरांचा गडी, टोपी बरोबर मापाची. त्याच्यापुढे आणखी एक, उंच, सडपातळ, खिशातून एक घर वर आलेलं. ती पट्टी. मला आधी काही कळेना. मग मी अंगठ्याने पानं सोडली, आणि दोघं चालायला लागले. उंच गडी पुढे, मी मागे. एक, दोन, तीन पावलं तो भराभर पुढे. चौथ्या पानावर माझं डोकं एक घर खाली जातं, आणि तिथे तो दोन्ही पाय जुळवून उभा राहतो. मी त्याच्या बरोबरीला येतो. मग दोघं पुन्हा निघतात. पुन्हा चौथं पान, पुन्हा तो उभा. सबंध वहीभर, एकदाही चुकलेला नाही.

कुंपण अजून ताठ आहे, कुणीही ओळंबा लावून बघावं. मी गेलो की वरच्या थरावर टेकून बसतो आणि वही काढतो. सुरुवातीला मी पानं घाईघाईने सोडत असे. आता सोडत नाही. त्यांना चौथ्या पानावर थांबायचं असतं.